इंद्रभानच्या हातची भाजी

वाघजाळी, व्हाया अमडापूर
दि. ६ जानेवारी २०२५

ती. सुभद्राअक्कास,
रामचा सा. न. वि. वि.

तुझ्या कानांनी फोनशी वैर धरल्यापासून आपला पत्रव्यवहार पुन्हा सुरू झाला, हे एका अर्थी बरंच झालं. फोनवर तू माझं ऐकत नव्हतीस, आता निदान वाचशील.

गावच्या वाचनालयाचा अध्यक्ष या नात्याने एक आनंदाची बातमी कळवतो. यंदा शाळेच्या स्नेहसंमेलनात एका परदेशी कादंबरीवरून नाटुकलं बसवत आहेत. कल्पना आपल्या नातीच्या, रेणुकाच्या वर्गशिक्षिकेची, सुवर्णा मॅडमची. म्हणजे बौद्धवाड्यातल्या नागसेनची मुलगी; पोस्टातून निवृत्त झाला तो नागसेन. मी कादंबरी दोन दिवसांत वाचून काढली. एक काळा नावाडी पुरातून गोऱ्या लोकांची तेरा पोरं वाचवतो. गाव त्याच्या सन्मानाला मेजवानी देतं आणि त्याचंच ताट बाहेर, पायरीवर मांडतं. तेव्हा आठ वर्षांची एक पोर आपलं ताट उचलते आणि बाहेर त्याच्याशेजारी जाऊन बसते. अक्का, तिथे मला चष्मा काढून ठेवावा लागला. केवळ कातडीच्या रंगावरून माणूस माणसाला असं वागवतो! आपल्याकडे असलं काही नाही, याचा त्या दिवशी फार अभिमान वाटला.

पात्रांच्या वाटपात मात्र मला थोडी दुरुस्ती करावी लागली. मॅडमनी त्यांच्या चुलतबहिणीचा मुलगा संघर्ष याला नगराध्यक्षाचं काम दिलं होतं. पोरगा हुशार आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण बाकीच्या पोरांनी त्याच्यापुढे वाकून मुजरा करायचा होता आणि ते काही पालकांना रुचेना. मी तोडगा काढला: त्याला नावाडी केला. शोभेल त्याला. ताट घेऊन बाहेर जाणारी मुलगी आपली रेणुका.

गुडघ्याला तेल लावतेस का? लोभ आहे तेवढा असू दे. वाढवलास तर माझी हरकत नाही.

तुझा,
राम

*

डोणगाव
दि. १३ जानेवारी २०२५

चि. रामास,
अ. उ. आ.

तिळगूळ सोबत पाठवते आहे. तो खाऊन गोड बोल असं तुला सांगायची गरज नाही, गोड तू जन्मापासूनच बोलतोस.

गेल्या दिवाळीला मी तुझ्या संघर्षला पाहिलंय. दुधावरच्या सायीसारखा गोरा पोरगा. आणि आपली रेणुका आपल्या घराण्यावर गेलेली, म्हणजे तुझ्या-माझ्यासारखी काळ्या रानातलं ढेकूळ. आता तुम्ही गोऱ्या पोराला काळं फासणार आणि काळ्या पोरीला गोरं रंगवणार, आणि मग रंगावरून भेद करणाऱ्यांना नावं ठेवणार. राम, ते परदेशी लोक निदान माणसाकडे डोळे उघडून बघतात तरी! आपण तेवढेही कष्ट घेत नाही. आडनाव विचारलं की आपलं भागतं.

आपल्याकडे असलं काही नाही म्हणतोस, तर आठवण करून देते. बौद्धवाड्यात लग्न असलं की दोन भट्ट्या पेटतात. एक त्यांच्या पाहुण्यांची आणि दुसरी शंभर पावलांवर, कनातीपलीकडे, गावच्या लोकांची. दुसरीवर आपल्यातला इंद्रभान आचारी झारा घेऊन उभा असला म्हणजेच तुझ्या घशाखाली घास उतरतो. खर्च मात्र दोन्ही भट्ट्यांचा त्यांचाच. त्या नावाड्याची पायरी मेजवानीच्या टेबलापासून किती पावलांवर होती, ते पुस्तकात बघून कळव.

वहिनीला आशीर्वाद. राग आला तर पाणी पी. बहिणीचा लोभ आहे, म्हणूनच एवढं लिहिते.

तुझी अक्का

*

वाघजाळी
दि. २८ जानेवारी २०२५

प्रिय आत्याआजीस,
रेणुकाचा सा. न. वि. वि.

मॅडमनी आम्हाला पत्रलेखन शिकवलं, म्हणून मी तुला पत्र लिहिते. हे पत्र आबाजींनी वाचलेलं नाही. मी पाकीट आधीच चिकटवलं.

आमचं नाटक झालं. मला गोरी करायला पावडरचे तीन डबे लागले. पहिल्या रांगेतल्या सगळ्यांना शिंका आल्या. संघर्षला तव्याची काजळी खोबरेल तेलात कालवून लावली. त्याला खूप घाम आला आणि काजळी ओघळली. मग माझी पावडर पण ओघळली. मी ताट घेऊन त्याच्याजवळ बसले तोपर्यंत आम्ही दोघं सारखेच राखाडी झालो होतो. ताट रिकामं होतं. आबाजींनी मॅडमना सांगितलं होतं की पोरीनं खोटं खोटं खायचं. पण लोकांनी खूप टाळ्या वाजवल्या. आबाजी रडले. नंतर त्यांनी काळ्या लोकांवर भाषण केलं, ते नाटकापेक्षा मोठं झालं.

मॅडमचं लग्न २० एप्रिलला आहे. नवरदेव साखरखेर्ड्याचे आहेत. मॅडमनी आमच्या सगळ्या वर्गाला पत्रिका दिली. संघर्ष म्हणाला की त्याच्या मावशीने घरात सांगून टाकलंय, माझ्या लग्नात भट्टी एकच राहील, ज्याला जेवायचं त्यानं जेवावं. तेव्हापासून नागसेनआजोबा झोपत नाहीत. एक भट्टी असली तर गॅस वाचेल ना? मग त्यांना झोप का येत नाही, ते मला कळलं नाही. तुला माहीत असलं तर सांग.

माझ्यावर लोभ कर, मी पहिल्या पाचात आहे.

तुझी नात,
रेणुका

*

वाघजाळी
दि. १२ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी पाणी प्यायलो. दोन तांबे.

आता इथलं ऐक. परवा नागसेन पत्रिका घेऊन स्वतः घरी आला. मी त्याला खुर्ची दिली, चहा दिला. कपाबद्दल विचारशील म्हणून आधीच लिहितो: कप घरातलाच होता. म्हणाला, पोरगी ऐकून नाही राह्यली. एकच भट्टी म्हणते. मी त्याला नीट समजावलं की हा भेदभावाचा प्रश्नच नाही, रीतीचा आहे. भेदभाव असता तर मी तीस वर्षांपूर्वी खुद्द त्याच्या लग्नात जेवलो असतो का? इंद्रभानच्या हातची ती वांग्याची भाजी! चार वेळा मागून घेतली होती मी. हात धुतल्यावर भर मंडपात इंद्रभानला टोपी, टॉवेल आणि नारळ देऊन त्याचा सत्कार केला होता. तशी भाजी मला पुन्हा कधी मिळाली नाही. तुझ्या वहिनीला हे मी दर वांग्याला ऐकवतो, तेव्हा तूही ऐकलं असशील.

माझं स्वतःचं काहीच म्हणणं नाही. पण एकच भट्टी असली तर गाव जेवणार नाही. गाव माझ्याकडे बघतं, म्हणून मला गावाकडे बघावं लागतं. नागसेन जाताना हात जोडून म्हणाला की रामराव, एकुलती एक पोर आहे माही. साखरखेर्ड्याच्या लोकायसमोर गावाची पंगत रिकामी दिसली तर मी तोंड कोठं लपवू? आता त्याची भाच्या-पुतण्यांची फौज आहे, पण पोटची ही एकच. अक्का, वाईट वाटलं मला. पण रीत ती रीत.

एका जुन्या पुस्तकातल्या पोरीचं ऐकून ही मुलगी बापाला अडचणीत आणते आहे. कादंबऱ्या वाचायच्या असतात, वागायच्या नसतात.

रागावलीस तरी लोभ सोडू नकोस.

तुझा,
राम

*

वाघजाळी
दि. २ मार्च २०२५

प्रिय आत्याआजीस,
सा. न. वि. वि.

तू लिहिलंस तेव्हा मला भट्टीचं कळलं. मग मी खूप विचार केला आणि मला एक युक्ती सुचली. गावाला इंद्रभानकाकांची भाजी चालते आणि मॅडमना एकच भट्टी पाहिजे. मग इंद्रभानकाकांनी त्याच एका भट्टीवर सगळ्यांची भाजी केली की झालं. मी शाळा सुटल्यावर हे सांगायला त्यांच्याकडे गेले.

इंद्रभानकाका खोकला येईपर्यंत हसले. ते म्हणाले की पोरी, मले बुंदीशिवाय काईच बनवता येत नाई. वांगं मी चिरून देतो, शिजवत नाई. नागसेनआजोबांच्या लग्नात भाजी त्यांच्या आईने, म्हणजे रुख्मिणीआजीने केली होती. पातेलं कनातीच्या मागून इंद्रभानकाकांच्या भट्टीवर यायचं. ते त्यात नुसता झारा फिरवायचे. नंतरच्या सगळ्या लग्नांतही तसंच, ज्यांच्या घरचं लग्न त्यांच्या घरची बाई शिजवायची. ते म्हणाले, गावाले भाजी नाई पाहिजे, भाजीजवळ उभा राहणारा पाहिजे. मी तीस वर्षं उभाच आहो, म्हणून तर पाय दुखतेत.

त्यांनी मला शपथ घातली की हे गावात कुणालाही सांगायचं नाही. तू डोणगावला राहतेस, म्हणून तुला सांगितलं.

माझी युक्ती तर फुकट गेली. मॅडम वर्गात हसतात पण मधेच शिकवायच्या थांबतात. तुला दुसरी युक्ती सुचली तर लवकर लिही.

लोभ पाठव, तिळगूळ पण चालेल.

तुझी,
रेणुका

*

डोणगाव
दि. १० मार्च २०२५

चि. रामास,
अ. उ. आ.

मला ऐकू येत नाही, तरी बातम्या येतात. त्या कुठून येतात ते विचारू नकोस. इंद्रभानला गाठ आणि हिंमत असेल तर खरं विचारून ये, की नागसेनच्या लग्नातली ती वांग्याची भाजी कुणी शिजवली.

तो लाजेल, म्हणून मीच सांगते. रुख्मिणीबाईंनी. नागसेनच्या आईने, त्यांच्याच घराच्या मसाल्यात, त्यांच्याच भट्टीवर. तुझा इंद्रभान नुसता राखणदार होता. म्हणजे तू त्या बाईच्या हातचं चार वेळा मागून खाल्लंस, ढेकर दिलास आणि नारळ राखणदाराला दिलास! तीस वर्षं झाली. पोटात दुखलं का रे? अंगावर काही उठलं? वाचनालयाचं अध्यक्षपद तर त्यानंतरच मिळालं तुला.

मला खरी दया येते ती वहिनीची. तीस वर्षं ती बिचारी इंद्रभानसारखी भाजी करायला धडपडते आहे आणि इंद्रभानला भाजी येतच नाही. तिची माफी माग. आधी तिची माग, मग बाकीच्यांचा विचार कर.

लोभ आहेच. आज जरा जास्तच आहे, कारण खूप दिवसांनी इतकी हसले.

तुझी अक्का

*

वाघजाळी
दि. २१ मार्च २०२५

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

इंद्रभानला विचारलं. तो खोटं बोलत नाही, हे माझं दुर्दैव.

मी पूर्ण विचार केला आहे. नकळत घडलं त्याचा दोष लागत नाही, असं थोर माणसं सांगून गेली आहेत. तेव्हा जे झालं त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण आता कळलं आहे. कळल्यावर जेवणं ही वेगळी गोष्ट, हे तुलाही पटेल. तू मला सांगितलंस, म्हणून खरं तर दोष तुझा.

लग्नाला मी जाणार. आहेर करणार, मॅडमना आशीर्वाद देणार आणि मंडपाबाहेर खुर्ची टाकून बसणार. पित्ताचा त्रास आहे म्हणून सांगेन. रेणुकाला आत जेवू देणार आहे; लहान लेकराला दोष नसतो. बघ, मी किती पुढे आलो आहे.

तुझ्या वहिनीची माफी मागितली. तेव्हापासून घरात वांगं शिजलेलं नाही.

तुझा,
राम

*

डोणगाव
दि. २९ मार्च २०२५

चि. रामास,
अ. उ. आ.

दोष कळण्यातच असेल तर सोपं आहे: डोळे मिटून जेव.

समुद्रापलीकडच्या नावाड्यासाठी तू चष्मा काढतोस. तुझ्या ओसरीवर हात जोडून उभा राहिलेल्या नागसेनसाठी पित्त काढतोस. मला त्या पोरीची काळजी वाटते राम. लग्नाच्या दिवशी तिने मांडलेल्या पंगतीत कोण बसलं आणि कोण नाही, हे बाई जन्मभर विसरत नाही. मला माझ्या लग्नातलं अजून आठवतं.

गुडघा साथ देत नाही, नाहीतर मीच येऊन पहिल्या पानावर बसले असते. माझ्या वाटचं कोण जेवतं ते बघते.

तुझी अक्का

*

वाघजाळी
दि. २२ एप्रिल २०२५

प्रिय आत्याआजीस,
सा. न. वि. वि.

लग्न खूप छान झालं, पण आधी छान होत नव्हतं. मी सगळं नीट लिहिते.

मॅडम पांढऱ्या साडीत होत्या. विहारापुढे मंडप होता आणि भट्टी एकच होती. रुख्मिणीआजी भट्टीजवळ खुर्चीवर बसून मसाला किती टाकायचा ते काठीने दाखवत होती. साखरखेर्ड्याचे पाहुणे जेवायला बसले. आमच्या गावासाठी दोन लांब पट्ट्या अंथरल्या होत्या, त्यांवर फक्त आमच्या वर्गातली चार पोरं. गावचे लोक रस्त्याच्या पलीकडे चहाच्या टपरीजवळ उभे होते. आबाजी मंडपाबाहेर निंबाखाली खुर्चीवर पाण्याची बाटली घेऊन बसले होते. टपरीवरचे सगळे आबाजींकडे बघत होते आणि आबाजी बाटलीकडे. नागसेनआजोबा दर दोन मिनिटांनी फाटकापर्यंत जायचे आणि परत यायचे. पाहुण्यांपैकी एकाने विचारलं की ह्या पट्ट्या कोणासाठी हायेत, तर नागसेनआजोबा वाकून पट्टीची कड सरळ करायला लागले. मॅडम स्टेजवरून ते बघत होत्या. त्यांच्या ओठावरचं हसू तसंच होतं, पण डोळ्यांतलं गेलं होतं.

मला ताट वाढून झालं होतं. मी बाहेर पाहिलं तर आबाजी एकटे. आत सगळे जेवतात आणि एक माणूस बाहेर उपाशी बसलाय. आत्याआजी, मला एकदम कळलं की हे तर पुस्तकातलंच आहे. मग मी माझं ताट उचललं आणि बाहेर जाऊन आबाजींच्या जवळ, खाली बसले.

आबाजी दबक्या आवाजात म्हणाले की आत जाऊन बैस, मले भूक नाई. मी म्हटलं की तुम्ही खाल्ल्याशिवाय मला जाता येत नाही, पुस्तकातली मुलगी पण जात नाही. ते चिडले. म्हणाले, मी काय तो नावाडी आहो काय? मी म्हटलं की नावाड्याला लोकांनी बाहेर बसवलं होतं, तुम्ही तर स्वतःच येऊन बसलात, पण बाहेर तर तुम्हीच आहात ना. हे मी जरा मोठ्याने बोलले वाटतं, कारण टपरीवर इंद्रभानकाका पहिल्यांदा हसले आणि मग बाकीचे.

आबाजी लाल झाले. मला वाटलं आता मार बसतो. पण मी ताट खाली ठेवलं नाही. या वेळी ताट भरलेलं होतं ना. वांग्याच्या भाजीचा वास येत होता. आबाजींनी ताटाकडे पाहिलं आणि खूप वेळ पाहिलं. मग त्यांनी पोळीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि तोंडात टाकला. चावायचे थांबले. हळूच म्हणाले, हेच ते. आणि माझं सगळं ताट संपवलं, मला एक फोड पण ठेवली नाही.

मग मला दुसरं ताट आणायला आत जावं लागलं, तर आबाजी पण मागे आले. त्यांना अजून भाजी पाहिजे होती. ते पट्टीवर बसले. रुख्मिणीआजी काठी टेकत आली, स्वतः वाढलं आणि म्हणाली की रामराव, तीस वर्षं झाले, माहा नारळ अजून पोहोचला नाई. सगळा मंडप हसला. मॅडम स्टेजवर दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत होत्या आणि रडत पण होत्या. आबाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले की भाजी तिखट आहे. मी तीच भाजी खाल्ली, ती तिखट नव्हती.

मग इंद्रभानकाका आले आणि त्यांच्यामागे बरेच जण आले. एक पट्टी पूर्ण भरली. दुसरी रिकामीच राहिली, काही लोक तसेच घरी गेले. पण त्यातल्या चार घरांनी नंतर मागच्या दाराने भाजीचे डबे मागवले. संघर्षने ते डबे भरले. मॅडम म्हणाल्या होत्या, भरून दे, पण झाकण लावताना नावं लिहून ठेव. नागसेनआजोबा पुन्हा फाटकापर्यंत गेले नाहीत.

आज आबाजी अमडापूरच्या बाजारातून नारळ आणि टॉवेल घेऊन आले. टोपी पण घेतली होती, पण बाईमाणसाला टोपी कशी घालायची, ते त्यांना समजत नाही. तुला विचारायला त्यांना लाज वाटते, म्हणून त्यांनी मला विचारायला सांगितलं. टोपीच्या जागी लुगडं चालेल का? ते म्हणतात, रंग कोणताही असू दे. लवकर कळव, तुझं पत्र आलं की त्याच दिवशी देऊन येतील. मी सोबत जाणार आहे, कारण ते फाटकाशीच थांबले तर पुन्हा मलाच ताट घेऊन बाहेर यावं लागेल.

तुझा लोभ मला आणि थोडा आबाजींना पण.

तुझी नात,
रेणुका